हिवाळ्यात सुलकाटा कासवाच्या पिल्लाची पेटी दमट कशी ठेवायची

सुलकाटा या आफ्रिकी कासवाच्या पिल्लाच्या पेटीत दिवसातून चार-पाच वेळा पाणी फवारूनही तासाभरात आर्द्रता पुन्हा चाळीस टक्क्यांच्या खाली येते, ही पुणे, नाशिक, नागपूर अशा कोरड्या थंडीच्या गावांतली नेहमीची तक्रार. युरोप-अमेरिकेत हीटर चालू असलेल्या घरांत तर आकडा याहूनही खाली जातो. पाणी कमी पडतं म्हणून असं होत नाही. पेटी वरून उघडी असते म्हणून होतं.

१० अंशांच्या एक घनमीटर हवेत फार तर साडेनऊ ग्रॅम बाष्प मावतं, ३० अंशांच्या हवेत ३० ग्रॅम. म्हणजे पहाटेची धुक्याने भरलेली, १०० टक्के आर्द्रतेची हवा आत आली आणि तुमच्या हीटरने ती ३० अंशांपर्यंत तापवली, तर बाष्प तेवढंच राहून आर्द्रता साधारण ३० टक्क्यांवर येते. शिवाय तापलेली हवा वर चढते आणि उघड्या पेटीतून ओलावा घेऊन निघून जाते. तिच्या जागी खोलीतली थंड, कोरडी हवा येते आणि हीटर पुन्हा जुंपला जातो. म्हणून आधी झाकण, मग उष्णता आणि पाणी सगळ्यात शेवटी, या क्रमाने चला.

सुलकाटा मूळचं सहाराच्या दक्षिणेकडच्या कोरड्या पट्ट्यातलं, त्यामुळे त्याला कोरडंच आवडतं असा समज घट्ट आहे. पण हे कासव बीळ खोदून राहतं आणि बिळातली हवा वरच्या हवेपेक्षा कितीतरी दमट असते. कोरड्यात वाढलेल्या पिल्लाच्या पाठीचा एकेक खवला शंकूसारखा उंचावतो, यालाच पिरॅमिडिंग म्हणतात. पूर्वी त्याचं खापर जास्त प्रथिनांवर फोडलं जाई. २००३ साली व्हिएन्नात वीझ्नर आणि इबेन या संशोधकांनी सुलकाटाच्या पिल्लांवर अभ्यास करून दाखवलं की प्रथिनांपेक्षा हवेचा कोरडेपणा जास्त कारणीभूत असतो. एकदा उंचावलेला खवला परत सपाट होत नाही. पुढची वाढ तेवढी गुळगुळीत होऊ शकते.

हे सगळं सुलकाटाच्या लहान पिल्लासाठी आहे. रशियन किंवा हर्मन कासवं हिवाळ्यात सुप्तावस्थेत जातात, त्यांचं गणित वेगळं. भारतात एक गोष्ट आधी तपासा. आपलं तारा कासव, म्हणजे स्टार टॉर्टॉइज, घरी ठेवणं वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. तसं कासव हाती आलं तर महाराष्ट्रात वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. सुलकाटा परदेशी असलं तरी साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या, यादीत येतं, त्यामुळे २०२४ च्या नियमांनुसार त्याची केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी लागते.

झाकण आणि पेटी

पिल्लासाठी १२० × ६० सेंटिमीटरची आणि किमान ६० सेंटिमीटर उंच पेटी घ्या. उंची हवीच, कारण दिवे आणि हीटर झाकणाच्या आत टांगायचे आहेत. प्लायवूडची पेटी असेल तर आतून तळ्याला लावतात तसला जाड प्लास्टिकचा कागद बसवा आणि सांधे सिलिकॉनने भरा, नाहीतर ओल पिऊन एका हिवाळ्यात प्लाय फुगतो.

झाकणाला शेडवर टाकतात तसला ६ मिलिमीटरचा पोकळ पॉलिकार्बोनेट पत्रा उत्तम. पूर्ण हवाबंद करू नका. एका कडेला दोन सेंटिमीटरची फट पुरते, आणि खाणं देताना रोज पेटी उघडली जातेच. यूव्हीबी, म्हणजे अतिनील किरण देणारी ट्यूब पत्र्याच्या वर ठेवण्याची चूक फार होते. पॉलिकार्बोनेट, काच, ॲक्रिलिक, कशातूनही कामापुरतं यूव्हीबी खाली पोहोचत नाही. ट्यूब आतच हवी.

उष्णता

रात्रीसाठी ६० ते १०० वॅटचा सिरॅमिक हीटर (उजेड न देता फक्त उष्णता देणारा), थर्मोस्टॅटवर, म्हणजे तापमान पाहून हीटर चालू-बंद करणाऱ्या यंत्रावर. थर्मोस्टॅटचा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारं टोक, पेटीच्या थंड टोकाला, कासवाच्या पाठीच्या उंचीवर लावा आणि २७ अंशांवर ठेवा. प्रोब हीटरखाली लावला तर गरम कोपऱ्यावर भुलून थर्मोस्टॅट हीटर बंद करतो आणि दुसऱ्या टोकाला पिल्लू गारठतं. दिवसा ऊन खाण्याच्या जागी ३५ ते ३८ अंश मिळायला हवेत. त्यासाठी पसरट प्रकाशाचा दिवा घ्या. एकाच ठिपक्यावर झोत टाकणारा दिवा नेमका पाठीचा माथा भाजून कोरडा करतो, मग भोवतालची आर्द्रता ८० टक्के असूनही पिरॅमिडिंग होतं. सिरॅमिक हीटर पेटला की हात लावण्यासारखा राहत नाही. होल्डर चिनी मातीचाच हवा, भोवती जाळी, आणि झाकणापासून पंधरा-वीस सेंटिमीटर अंतर. थर्मोकोल लावायचा तर पेटीच्या बाहेरून. वायर आधी खाली झोल देऊन मगच प्लगकडे न्या, म्हणजे वायरवरून ओघळलेलं पाणी सॉकेटमध्ये जाणार नाही. बोर्डावर ईएलसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, असावाच.

बुडाचा थर

खरा ओलावा इथे साठतो. कोकोपीटची ५ किलोची एक वीट वीस-बावीस लिटर पाण्यात फुलवली की या मापाच्या पेटीत साधारण दहा सेंटिमीटर जाडीचा थर होतो. नर्सरीत मिळणारं कोकोपीट खारट असू शकतं, त्यामुळे दोनदा धुऊन पिळून घ्या. खत मिसळलेलं नको. वर ऑर्किडच्या सालीचा दोन-तीन सेंटिमीटरचा थर पसरला की कोकोपीट डोळ्यांत-नाकात जात नाही.

पाणी वरून शिंपडू नका. दर तीन-चार दिवसांनी लिटर-दीड लिटर कोमट पाणी चारही कोपऱ्यांत हळूहळू ओता. ते खाली उतरून पसरतं आणि वाफ होऊन वर येतं, पण पृष्ठभाग कोरडा राहतो. खालचं मूठभर कोकोपीट घट्ट दाबून पाहा. गोळा झाला पण थेंब गळला नाही, तर प्रमाण बरोबर. एखादा कोपरा बुडापर्यंत उकरल्यावर पाणी साचलेलं दिसलं तर आठवडाभर ओतणं थांबवा.

मोजायचं कुठे

दोन डिजिटल हायग्रोमीटर (आर्द्रता मोजणारी यंत्रं) घ्या, एक थंड टोकाला आणि एक लपण्याच्या जागेत. स्वस्त यंत्रं दहा टक्क्यांनीही चुकतात, म्हणून आधी तपासा. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन काही थेंब पाण्याने ते खिरीइतकं ओलं करा, यंत्रासोबत झिपच्या पिशवीत बंद करा आणि रात्रभर खोलीत ठेवा. आकडा ७५ यायला हवा. जितका फरक, तितकी दुरुस्ती पुढे मनात धरा. थंड टोकाला ७० ते ८० टक्के हवेत. ऊन खाण्याच्या जागी आकडा बराच कमी दिसतो, त्यात काही बिघडलेलं नाही.

लपायला प्लास्टिकचा टब उपडा घाला आणि दार कापून कडा घासून घ्या. आत ओलं करून पिळलेलं स्फॅग्नम मॉस (पाणी धरून ठेवणारं शेवाळ) घालतात, पण काही पिल्लं ते खातात आणि आतडं तुंबतं. तुमचं पिल्लू चावून बघणारं असेल तर आत ओलं कोकोपीटच बरं. रोज वीस-तीस मिनिटं ३२ ते ३४ अंशांच्या पाण्यात, हनुवटी वर राहील एवढ्याच खोलीत बसवा, मग टिपून परत ठेवा.

अल्ट्रासोनिक ह्युमिडिफायर (पाण्याचे बारीक तुषार सोडणारं यंत्र) झाकणबंद पेटीत सहसा लागत नाही. लावलाच तर आरओचं पाणी वापरा, कारण बोअरच्या जड पाण्याने सगळीकडे पांढरी भुकटी बसते. टाकी आठवड्याला घासा, नाहीतर त्यातले जंतू थेट पिल्लाच्या फुप्फुसात जातात.

काय बिघडतं

सर्वांत वाईट जोडी थंडी आणि ओल. आर्द्रता ९० आणि तापमान २२ असेल तर पाणी न वाढवता आधी उष्णता वाढवा. नाकातून पाणी किंवा बुडबुडे, मान ताणून तोंडाने श्वास, ही श्वसनमार्गाच्या संसर्गाची लक्षणं आहेत. सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडे त्याच दिवशी न्या. पोटाकडचं कवच लालसर, मऊ किंवा वास येणारं झालं तर वरचा थर ओला राहतोय. काचेवर साचणारे थेंब मात्र खोली थंड असल्याचं लक्षण, त्याने घाबरू नका. बुरशी बहुधा उरलेल्या खाण्यावर धरते, ते संध्याकाळी उचला.

वीज गेली की हीटरचा प्लग काढून मगच ऊब टिकवायला पेटीवर घोंगडी टाका. घोंगडी तशीच राहिली आणि वीज परत आली तर आग लागू शकते.

थंडी सरली की झाकण काढण्याची घाई होते. विदर्भात एप्रिलची दुपार हिवाळ्यातल्या दुपारपेक्षाही कोरडी असते, त्यामुळे झाकण राहू द्या. फक्त ऊन खाण्याचा दिवाही थर्मोस्टॅटवर घ्या, कारण ४० अंशांच्या खोलीत बंद पेटी पिल्लाला भाजून काढू शकते.