हरभरा घाट्यावर आला: राखण करा, पण जिवंत तार नको

घाटे भरू लागले की रोही (नीलगाय) आणि रानडुकरं रात्री शिवारात उतरतात. लावलेला पैसा डोळ्यांदेखत तुडवला जातो, तेव्हा संताप होणारच. तरीही कुंपणाच्या तारेत लाइनचा करंट सोडू नका. त्या तारेला रानडुक्कर कळत नाही. पहाटे पाणी द्यायला आलेला शेजारी किंवा घरचंच पोर तिला चिकटू शकतं. बिबट्या मेला तर वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 प्रमाणे किमान तीन वर्षांची कैद होऊ शकते. विषारी दाणे टाकून मोर मेला तरी तेच, कारण दोघेही पहिल्या अनुसूचीत आहेत.

सौर कुंपणाचा झटका क्षणभराचा असतो. जनावर दचकून मागे फिरतं, मरत नाही. खालची तार जमिनीपासून वीतभरच उंच ठेवा, नाहीतर डुक्कर खालून घुसतं. तारेला गवत टेकलं की करंट जमिनीत उतरतो, म्हणून बांध साफ हवा. या दिवसांत जमीन सुकते आणि अर्थिंग कमजोर पडतं. रॉडभोवती अधूनमधून पाणी ओता. कुंपण चालत नाही अशी तक्रार असेल तर आधी हेच तपासा. काटेरी करडईच्या चार-पाच ओळींचा उपयोग होतो, पण त्या हरभऱ्याबरोबरच पेरायला हव्यात.

नुकसान झालंच तर लगेच वावर सारखं करू नका. डुकराने उकरलेली माती, मुळासकट उपटलेली झाडं, रोहीने वरून खुडलेले शेंडे, ओल्या मातीतले खूर, सगळ्याचे फोटो काढा. तीन दिवसांच्या आत वनरक्षक, वनपाल किंवा वनपरिक्षेत्र कार्यालयात तक्रार द्या आणि पोच घ्या. वन विभागाची हेल्पलाइन 1926 आहे. पंचनाम्याला स्वतः हजर राहा, बाधित क्षेत्र नीट मोजून घ्या.

भरपाई बऱ्याचदा तुटपुंजी वाटते, म्हणून अनेकजण तक्रारच करत नाहीत. माझ्या मते इथेच आपलं मोठं नुकसान होतं. कायद्याच्या कलम 11 मध्ये उभ्या पिकाला धोकादायक ठरलेल्या जनावराच्या शिकारीची लेखी परवानगी देण्याची सोय आहे. पण अधिकाऱ्याला त्या आदेशात कारण लिहावं लागतं, आणि गावातून एकही तक्रार नसेल तर ते कारण आणायचं कुठून? म्हणून नुकसान अर्ध्या गुंठ्याचं असलं तरी नोंदवा. शेजारच्यालाही नोंदवायला लावा आणि ग्रामसभेत ठराव घेऊन तो वनपरिक्षेत्र कार्यालयात पोचवा.