गाव महापालिकेत जाण्याआधी

गाव शहरात जाणार अशी कुणकुण लागली की पारावर पहिली चर्चा घरपट्टीची होते. ती होऊ द्या, पण आधी दप्तर बघा. मी सोलापूरच्या हद्दवाढ भागात वाढलो. १९९२ साली बाळे, सोरेगाव, शेळगी, मजरेवाडी अशी भोवतालची गावं महापालिकेत आली आणि सुमारे ३३ चौरस किलोमीटरचं शहर १७८ चौरस किलोमीटरचं झालं. तीन दशकं उलटली, तरी लोक आम्हाला 'हद्दवाढ'वालेच म्हणतात.

ग्रामपंचायतीतून नमुना नंबर ८ चा, म्हणजे करआकारणीचा उतारा आजच काढा. तलाठ्याकडचा ८-अ वेगळा, तो शेतीच्या खात्याचा. उताऱ्यावर नाव कुणाचं, खोल्या किती, बांधकाम मातीचं, पत्र्याचं की स्लॅबचं, हे घरातल्या सगळ्यांनी बसून वाचा. घर अजून आजोबांच्या नावावर असेल तर वारसनोंदीचा अर्ज द्या. आमच्या उताऱ्यात मागच्या दोन खोल्या चढलेल्याच नव्हत्या. पंचायत होती तेव्हा एका मासिक सभेत मिटलं असतं. पुढे त्याच खोल्या विनापरवाना ठरल्या आणि वडिलांनी कित्येक वर्षं हेलपाटे घातले. पट्टीच्या जुन्या पावत्या त्यांनी पत्र्याच्या पेटीत जपल्या होत्या, म्हणून निभावलं. तुमच्या पावत्या कुठे आहेत ते आधी शोधा. जन्म-मृत्यूचे दाखले, नळजोडाची पावती, बांधकामाची परवानगीही त्याच पिशवीत घाला.

गुंठ्याने जागा घेतली असेल तर खरेदीखत, सातबारावरचं नाव आणि प्रत्यक्ष ताबा जुळतो का ते तपासा. अशा तुकड्यांनी घेतलेल्या जागा नियमित करायला २००१ चा गुंठेवारी कायदा आहे, पण नियमितीकरण मागायला गेलात की आधी हेच कागद मागतात.

गावाचं म्हणून जे आहे त्याची यादी ग्रामसभेत वाचून ठरावात घ्या: विहीर, बोअर, पाण्याची टाकी, स्मशानभूमी, तालीम, शाळेचं मैदान, गायरान. विहिरीबद्दल मी हट्टानेच सांगतो. शहराला उजनीचं पाणी येतं, पण सोलापुरात ते काही दिवसांआड सुटतं, आणि नवी जलवाहिनी शेवटच्या गल्लीत पोचायला किती वर्षं लागतील याचा भरवसा नाही. तोवर विहीरच गावाला पाजणार आहे. तिचा गाळ काढून ठेवा.

पाणी सोडणारा, शिपाई, झाडलोट करणाऱ्या बाया यांचे नेमणुकीचे आदेश आणि हजेरीपत्रकाच्या प्रती काढून त्यांच्या हातात द्या. त्यांना महापालिकेत सामावून घेताना तेवढाच आधार असतो.

रोजगार हमीची कामं ग्रामीण भागापुरतीच असतात, तेव्हा मजुरीची बाकी आधी मागून घ्या. ग्रामीण यादीतलं घरकुल मंजूर झालं असेल तर हप्ते आणि बांधकाम लांबवू नका.

घरपट्टीचं म्हणाल तर नव्या भागात ती टप्प्याटप्प्याने वाढवण्याची तरतूद कायद्यातच आहे. पहिलं बिल आलं की ती तरतूद धरली आहे का ते पाहा आणि जुन्या पावतीशी ताडून बघा.

गाव शहरात घेण्याची प्रारूप (म्हणजे कच्ची) अधिसूचना निघाली की हरकती-सूचनांना मुदत मिळते. पाठिंबा असो की विरोध, सरपंचांच्या एका पत्रावर विसंबू नका. प्रत्येक घराने आपल्या सहीचा अर्ज द्यावा, रस्ता, दिवे, गटार यांतलं काय हवं ते त्यात लिहावं, आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून उठू नये.