गोधडी पण शिवायची, घरच्यांचे फोटो पण काढायचे, वर घर पण सांभाळायचं? मग या चुका टाळा

हे दोन्ही छंद असलेल्या घरात चित्र साधारण सारखंच दिसतं. कपाटावर जुन्या साड्यांचं बोचकं, पलंगाखाली अर्धी टाचलेली गोधडी, मोबाईलमध्ये हजारोंनी फोटो ज्यातले निम्मे काढल्यापासून कोणी परत उघडून बघितलेले नाहीत, आणि तोंडी एकच वाक्य, अगं वेळच मिळत नाही. वेळ कमी असतो हे खरंय, नोकरी, डबे, मुलांचे क्लास, सासूबाईंची औषधं यातून उरणार किती. पण माझं मत विचाराल तर खरा घोळ होतो तो काम भलत्याच ठिकाणी सोडल्यामुळे. परत बसलं की आधी कुठपर्यंत आलो होतो, कात्री कुठे गेली, हा तुकडा वरचा का खालचा, यातच मिळालेली वीस मिनिटं संपतात आणि मग वाटतं जाऊदे, रविवारी बघू.

"रविवारी निवांत बसू"

ही पहिली चूक आणि सगळ्यात मोठी. रविवारी निवांत कोणी बसत नाही. पाहुणे येतात, गिरणीत जायचं असतं, मुलाचा प्रोजेक्ट नेमका सोमवारी द्यायचा असतो. त्यापेक्षा गोधडीचं काम वेगवेगळं फोडा. कापड धुणं-इस्त्री, कापणं, तुकडे जोडणं, थर अंथरून कच्चा टाका घालणं, धावदोरा घालणं, शेवटी कडेची पट्टी. यात खरोखर रिकामी जमीन आणि मोकळी दुपार लागते ती फक्त अंथरण्याला आणि कच्च्या टाक्याला, बाकी सगळं तुकड्यातुकड्याने होतं. गावाकडे पण असंच चालायचं, अंथरायला शेजारच्या दोघी-तिघी यायच्या, कडेला पाटा-वरवंटा नाहीतर डबे ठेवून कापड ताणून घ्यायचं, आणि एकदा टाचून झालं की टाके मात्र जमेल तसे, उन्हाळ्याच्या दुपारी गप्पा मारत.

उठताना थांबायची जागा ठरवून उठा. म्हणजे ओळ संपवायची, पुढच्या ओळीसाठी सुईत दोरा ओवून ती फ्लॅनेलच्या तुकड्यात खोचून ठेवायची आणि एक चिठ्ठी, "निळ्या काठापर्यंत झालं, पुढे डावीकडून". मशीनवर जोडकाम असेल तर पुढचे दोन तुकडे पिन लावून मशीनशेजारी ठेवून उठायचं. मग भात शिजेपर्यंतच्या दहा मिनिटात पण दोन जोड होतात. आणि टाके पूर्ण झाले नसतील तर गोधडीच्या घड्या घालू नका, थर सरकतात, जुन्या चादरीत लोळी करून गुंडाळा आणि पलंगाखाली सरकवा.

फोटोंचं पण हेच. काढणं वेगळं काम, नको ते उडवणं वेगळं, जपून ठेवणं वेगळं, आणि सगळं वर्षअखेरीला करू म्हटलं की झालंच कल्याण. ज्या दिवशी काढले त्याच दिवशी झोपायच्या आधी एकसारख्या बारा फोटोतले दहा उडवा. दुसऱ्या दिवशी बाराचे शंभर झालेले असतात आणि शंभरातून निवडायला कोणी बसत नाही.

सगळं जुनं कापड एकाच गोधडीत

मायेपोटी होतं हे, आईची सुती साडी, बाबांचा शर्ट, पोरीचा फ्रॉक, वर एखादी सिंथेटिक साडी रंग छान आहे म्हणून. पहिल्या धुण्यात सुती आकसतं, पॉलिस्टर आहे तसं राहतं आणि गोधडीला फुगे येतात, एकदा आले की टाके उसवल्याशिवाय जात नाहीत. नवीन सुती कापड तर साधारण ३ ते ५ टक्के आकसू शकतं, म्हणजे ९० इंचात चार इंचाच्या आसपास गायब. म्हणून वापरून मऊ झालेलं आणि नवीन एकत्र घ्यायचं असेल तर नवीन आधी धुऊन, वाळवून, इस्त्री करून मगच कापा. कापड नक्की कशाचं आहे कळत नसेल तर कडेचे चार धागे काढून चिमट्यात धरून सिंकवर जाळून बघा. सुती कागदासारखं जळतं आणि राख होते, पॉलिस्टर वितळून कडक मणी होतो. मुलं आजूबाजूला नसताना हे करा, सांगायला नकोच.

रंगाचं पण तसंच. मरून इरकल, गडद निळं, काळं, यांचा कोपरा ओला करून पांढऱ्या रुमालात दाबून बघा. रंग लागला तर ते कापड फिक्या कापडाशेजारी नको. मिठाच्या पाण्यात भिजवलं की रंग पक्का होतो असं सगळ्या मावश्या सांगतात, भिजवायचं तर भिजवा पण त्यावर विसंबू नका, रुमालाची चाचणी परत करा. जरीची साडी गोधडीत घालायचा मोह होतो, नका घालू, जर टोचते आणि धुण्यात काळी पडते. तिच्या काठाची उशी करा हवी तर.

एक हिशोब आधीच करून ठेवला तर मधेच कापड कमी पडून काम अडत नाही. साडेपाच मीटरच्या साडीतून ९० इंचाचे दोन तुकडे निघतात आणि वर ३६ इंच उरतं. दोन तुकडे शेजारी जोडले की डबल बेडचा एक थर होतो. चार थराची करायची तर चार साड्या, तीन साड्या आणि आशा असं करून चालत नाही.

कापायच्या आधी फोटोच न काढणं

दोन्ही छंद एकाच घरात असताना ही चूक मला कळतच नाही. साडीला कात्री लागली की ती साडी गेली. आधी खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात पसरून तीन फोटो घ्या, पूर्ण साडी, पदर, काठ जवळून. मग जुन्या अल्बममध्ये ती साडी नेसलेला फोटो सापडतो का बघा, कोणाच्या तरी बारशाला नाहीतर मुंजीत नक्की असते. आई किंवा आजी असेल तर तिच्यासमोर साडी ठेवून मोबाईलचा रेकॉर्डर चालू करा, ही कुठून आणली एवढंच विचारा, पुढे ती थांबत नाही.

आणि हो, साडी आपल्या एकटीची नसेल तर विचारून कापा! आईची साडी म्हणजे बहिणीची पण, भावजयीची पण. गोधडी पूर्ण झाल्यावर "ती मला हवी होती गं" हे ऐकायला फार वाईट वाटतं, आणि त्यावर टाका नाही.

अल्बम काढलाच असेल तर बघून घ्या की फोटो चिकट पानांवर प्लास्टिकखाली दाबलेत का. त्या पानांचा चिकटा वर्षानुवर्षं फोटोला धरतो आणि पावसाळ्यात तर विचारू नका. ओढून काढू नका, कोपरा फाटतो. दात साफ करायचा फ्लॉसचा धागा फोटोच्या मागून हळूहळू करवतीसारखा सरकवला की बऱ्याचदा सुटतो. नाहीच सुटला तर प्लास्टिक उचलून खिडकीच्या तिरप्या उजेडात तिथेच त्याचा फोटो घ्या, फ्लॅश बंद ठेवून. मागे नावं लिहायची तर मऊ पेन्सिलने, बॉलपेनचा दाब पुढे उमटतो.

घरातले फोटो धूसर, पट्टे-पट्टे, पिवळे

मोबाईल महाग असून फोटो धूसर येतात तेव्हा आधी लेन्स पुसा. स्वयंपाकघरातून पळत येऊन फोटो काढणाऱ्या बाईच्या लेन्सवर फोडणीचं तेल असणारच. सुती मऊ कापडाने पुसा, गोधडी शिवणाऱ्यांकडे त्याची कमी नाही.

ट्यूबलाईट किंवा स्वस्त एलईडीखाली फोटोत आडवे काळपट पट्टे येतात ना, तो कॅमेऱ्यातला बिघाड नसतो. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे असे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, डोळ्याला कळत नाही पण कॅमेऱ्याला कळतं. कॅमेऱ्याच्या प्रो मोडमध्ये, म्हणजे जिथे सगळं हाताने ठरवता येतं तिथे, शटरचा वेग १/१०० किंवा १/५० सेकंदावर ठेवला की पट्टे जातात. पण पळणारं पोर १/५० ला हललेलंच येणार, तिथे दिवा बंद करून त्याला खिडकीशी आणणं सोपं. खिडकीचा उजेड आणि वरचा पिवळा बल्ब दोन्ही एकदम चालू असले की अर्धा चेहरा निळा अर्धा पिवळा, म्हणून दिवसा दिवा बंदच करा.

व्हॉट्सॲपवर आहेत की सगळे

नाहीत. व्हॉट्सॲपवर फोटो साध्या पद्धतीने पाठवला की तो दाबून लहान होतो, वर फोटोच्या आत नोंदलेली काढल्याची तारीख पण सहसा जाते. फॅमिली ग्रुपवरून परत उतरवलेले फोटो मग ज्या दिवशी उतरवले त्या दिवसाखाली जाऊन बसतात, आणि मुंजीचे फोटो दिवाळीत सापडतात. ज्याला प्रिंट काढायची आहे त्याला डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

गुगल फोटोजमध्ये पूर्वी अमर्याद फुकट ठेवता यायचे, ते १ जून २०२१ पासून बंद झालं, आता १५ जीबी आणि त्यात जीमेल, ड्राईव्ह सगळं आलं. पण यापेक्षा जास्त लोक फसतात ते डिलीट करताना. बॅकअप झालाय ना, मग मोबाईलमधून उडवू म्हणून त्याच ॲपमध्ये डिलीट दाबतात आणि फोटो दोन्हीकडून जातो. मोबाईलमधली जागा मोकळी करायला त्यात वेगळा पर्याय आहे, तो वापरा. चुकून उडालाच तर बॅकअप झालेला फोटो ६० दिवस ट्रॅशमध्ये सापडतो, नंतर नाही. आणि महत्त्वाचे फोटो तीन ठिकाणी हवेत, मोबाईल किंवा कॉम्प्युटरवर, एका हार्डडिस्कवर आणि एक घराबाहेर, ऑनलाईन नाहीतर भावाकडे दुसरी डिस्क. फोल्डरचं नाव वर्षापासून सुरू करा, "२०२४-०९ गणपती" असं, म्हणजे आपोआप ओळीने लागतात.

मशीनचे नखरे, पटकन

खाली दोऱ्याचा गुंता झाला की सगळे बॉबिनला, म्हणजे खालच्या दोऱ्याच्या रिळाला, शिव्या देतात, पण बहुतेक वेळा वरचा दोरा नीट ओवलेला नसतो. दाबपट्टीचा पाय वर उचलून परत ओवा, पाय खाली असताना दोरा ताणून धरणाऱ्या टेन्शनच्या चकत्या मिटलेल्या असतात आणि दोरा आत बसतच नाही. टाके सुटतात? सुई बदला, बोथट किंवा वाकडी झालेली असते, जाड थरांना ९० किंवा १०० नंबरची घ्या. वरचा थर पुढे सरकून चुण्या पडतात? कच्चे टाके लांब-लांब आहेत, ते वीतभर नको, चार बोटांवर हवेत आणि मधून कडेकडे घालायचे.

तुकडे जोडताना शिलाई कडेपासून पाव इंचावर म्हणजे पाव इंचावरच. दर जोडाला दोन्ही बाजूंनी दीड-दीड मिलीमीटर जास्त गेलं तर दहा तुकड्यांच्या ओळीत नऊ जोडांचे २७ मिलीमीटर जातात, म्हणजे इंचभर ओळ आखूड आणि मग शेजारची ओळ जुळत नाही म्हणून आपण ओढत बसतो. मशीनच्या पट्टीवर सुईपासून पाव इंचावर रंगीत टेप चिकटवून टाका. आणि पाण्याने जाणाऱ्या निळ्या पेनने आखलं असेल तर धुवायच्या आधी इस्त्री फिरवू नका, रेघ कायमची राहू शकते.

सणाला एकटीनेच सगळं

गणपतीत नैवेद्य पण तुम्ही, फोटो पण तुम्ही, मग दहा वर्षांच्या अल्बममध्ये तुम्ही कुठेच नाही. आधीच ठरवा, मूर्ती आणताना आणि पहिल्या आरतीला फोटो काढायचे, नंतर मोबाईल फडताळात. बाकीचं भाच्याला द्या, तो वाकडे काढेल, चालतंय. ग्रुप फोटोला दहा सेकंदांचा टायमर लावून मोबाईल फळीवर टेकवा आणि तुम्ही पण उभ्या रहा. दुसऱ्यांच्या मुलांचे फोटो कुठेही टाकायच्या आधी त्यांच्या आईला विचारा, एवढं तरी.

सणाच्या आणि बारशाच्या तारखेला गोधडी बांधून घेतली की तर आणखीनच धावपळ. बारशाला द्यायची असेल तर लहानच करा, ३० बाय ४० इंच, मऊ सुती तीन-चार थर, मणी-आरसे काही नको. देण्याआधी पूर्ण गोधडीवरून चुंबक फिरवा, पिना मोजून घेतल्या आणि मोजून परत डबीत टाकल्या तरी फिरवाच. बाळाच्या अंगाखाली जाणारी वस्तू आहे ती.

घरातल्या गोधड्या नवरात्राआधी दसरा काढताना धुवायला निघतातच, तेव्हा दोन दोऱ्यांवर पसरून वाळत घाला, एका दोरीवर ओल्या गोधडीचं सगळं वजन मधल्या टाक्यांवर येतं. सकाळच्या तिरप्या उन्हात टाके उठून दिसतात, तेव्हाच दोन्ही बाजूंचे फोटो घेऊन टाका. मागच्या कोपऱ्यात कापडाची पट्टी शिवून त्यावर वर्ष आणि कोणाकोणाच्या साड्या ते लिहा, धुण्याने न जाणाऱ्या पेनने, आणि साड्यांचे आधी काढलेले फोटो त्याच नावाच्या फोल्डरमध्ये हलवा.