कोकणात नव्याने आलात? गणवेशाची खरेदी पावसाच्या हिशेबाने करा

बदली, नोकरी किंवा लग्नामुळे घाटावरून खाली उतरलेली बहुतेक कुटुंबं शाळेची खरेदी तिकडच्या सवयीने करतात. दोन गणवेश, काळे बूट, पांढरे मोजे, एक छत्री. जुलै उजाडतो तेव्हा दोन्ही गणवेश दोरीवर ओलेच असतात, बुटांवर पांढरी बुरशी आलेली असते आणि छत्रीच्या काड्या उलट्या झालेल्या असतात. विदर्भ सोडला तर राज्यातल्या शाळा साधारण १५ जूनला उघडतात. दक्षिण कोकणात पाऊस बहुधा त्याच्या आठवडाभर आधीच येऊन बसलेला असतो. पुण्याला वर्षभरात सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, रत्नागिरीला तीन हजारांच्या वर, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्येच. तेव्हा पहिल्या दिवसाच्या फोटोत काय शोभेल हे बाजूला ठेवा. रात्री धुतलेलं सकाळी अंगावर चढवता येईल का, एवढं बघून खरेदी करा.

दुकानात जाण्याआधी शाळेत

मूल जिल्हा परिषदेच्या शाळेत जाणार असेल तर गणवेश आणि पाठ्यपुस्तकं सरकारकडून मोफत मिळतात. पुस्तकं बहुतेक वेळा शाळा उघडतानाच मिळतात, गणवेशाला मात्र उशीर होऊ शकतो. मुख्याध्यापकांना विचारून घ्या: तोवर साधे कपडे चालतील ना, आणि मिळणारे जोड किती? मिळणाऱ्या जोडांत आपल्या पैशाने एक जोड घालावाच लागतो. इथे पावसाळ्यात तीन जोडांखाली भागत नाही.

खासगी शाळा असेल तर चार गोष्टी विचारा. कापडाचा शेड नंबर काय, शनिवारी पीटीचा वेगळा गणवेश आहे का, स्काउट-गाइडचा गणवेश कोणत्या इयत्तेपासून लागतो, आणि पावसाळ्यात बुटांऐवजी सँडल चालतात का. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. कोकणातल्या बऱ्याच शाळा पावसात सँडल चालवून घेतात, पण ते छापील यादीत लिहिलेलं नसतं. यादीत ‘काळे बूट’ वाचून लोक जूनमध्ये बूट घेतात आणि ते ऑक्टोबरपर्यंत खोक्यात पडून राहतात. तोवर पाय वाढलेला असतो.

केव्हा घ्यायचं

मेचा पहिला पंधरवडा. त्यानंतर मुंबईहून चाकरमानी गावी येतात, लग्नांचे शेवटचे मुहूर्त असतात आणि टेलरकडे ब्लाउजांचा ढीग लागतो. जूनच्या तोंडावर वळवाच्या वादळात वीज जाते, दोन-दोन दिवस येत नाही. तेव्हा विजेवरची मशीन बंद पडते आणि इस्त्रीही. ‘दहा तारखेला देतो’ या शब्दाचा अर्थ अशा वेळी वीस तारीख असाच धरावा.

कापड स्वस्त म्हणून बरेच जण कोल्हापूरहून आणतात. फरक पडतो हे खरं, पण शाळेच्या कापडाचा बोटभर तुकडा सोबत न्या आणि दुकानाबाहेर, उजेडात ताडून बघा. ट्यूबलाइटखाली नेव्ही ब्लू आणि काळपट निळा एकसारखेच दिसतात. शाळेच्या रांगेत तसे दिसत नाहीत.

कापड आणि शिलाई

शुद्ध सुती कापड मुलांच्या अंगाला चांगलं, एरवी तेच घ्यावं. पण पावसात ते दोन दिवस वाळत नाही आणि अर्धवट वाळलेल्याला कुबट वास सुटतो. शर्टाला टेरिकॉट घ्या, पॉलिएस्टर दोन भाग आणि सूत एक भाग असलेलं. पंख्याखाली रात्रीत वाळतं. उन्हाळ्यात, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये, तेच कापड घामाने चिकटतं. म्हणून तीन जोडांपैकी एक शर्ट सुती ठेवला तर वर्ष निभतं. पूर्ण पॉलिएस्टर मात्र बारा महिने नको. त्याने काखेत पुरळ उठतं.

सहा-सात वर्षांच्या मुलाच्या अर्ध्या बाह्यांच्या शर्टाला ३६ इंच पन्ह्याचं (म्हणजे रुंदीचं) कापड साधारण सव्वा मीटर लागतं. अर्ध्या पँटला ५८ पन्ह्याचं अर्धा ते पाऊण मीटर पुरतं. मुलींच्या पिनोला (शर्टावर घालायचा बिनबाह्यांचा फ्रॉक) ५८ पन्ह्याचं एक ते सव्वा मीटर धरा. चुण्या जास्त असतील तर थोडं वाढवा, चौकडी असेल तर चौकड्या जुळवायला आणखी वीस सेंटिमीटर. कापण्याआधी कापड रात्रभर पाण्यात भिजवून वाळवून द्या. टेलर हे स्वतःहून करत नाही. न भिजवता शिवलेली पँट दुसऱ्या धुण्यात आखूड होते आणि दोष मुलाच्या वाढीला जातो. त्याच वेळी रंगाची परीक्षाही होते. ओल्या गडद कापडावर पांढरा रुमाल जोरात घासा, रुमालाला रंग लागला तर ते कापड पांढऱ्या शर्टासोबत धुता येणार नाही.

या वयात मुलं वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर उंच होतात, म्हणजे साधारण दोन इंच. टेलरला ‘मोठं शिवा’ असं सांगू नका. मोठं शिवलं की खांदे उतरतात, कमर घसरते आणि मूल दिवसभर पँट सावरत बसतं. ‘माया ठेवा’ (म्हणजे आत जादा कापड दुमडून ठेवा) असं सांगा, आणि कुठे किती तेही: पँटच्या किंवा पिनोच्या खालच्या दुमडीत तीन इंच, दोन्ही बाजूंच्या शिवणीत एकेक इंच, पिनोच्या खांद्याच्या पट्ट्यांत दीड इंच. मायेची कापडं कापून टाकायची सवय असलेले टेलर असतात, म्हणून माप घेतानाच वहीत लिहायला लावा. दुमड हातशिलाईने घालून घेतली तर पुढच्या वर्षी उसवायला सोपी जाते आणि मशीनच्या टाक्यांची रेघ उरत नाही. जुन्या दुमडीची फिकट रेघ तरीही दिसतेच. तीवर शाळेच्या रंगाची बारीक पट्टी लावून घेतात.

रेडीमेड घेताना पाकिटावरचं वय विसरा. छातीचं माप घ्या आणि शर्टाचा घेर त्याहून चार इंच जास्त आहे का ते टेपने बघा. पँट उलटी करून बैठकीची शिवण ताणा. टाक्यांमधून उजेड दिसला तर घरी नेऊन दुहेरी टीप मारून घ्यावी लागेल.

आणि हुक. घाटावर ज्याचा विचार कुणी करत नाही, ती गोष्ट इथे गणवेश खराब करते. खाऱ्या, दमट हवेत साधा लोखंडी हुक एका पावसाळ्यात गंजतो. त्याच्याभोवती आधी पिवळी, मग तपकिरी कडी उमटते आणि कापड तिथेच विरतं. म्हणून प्लास्टिकची बटणं, नायलॉनची चेन, आणि हुक हवाच असेल तर पितळी. कमरेला पुढे पट्टी व बटण, मागे अर्धं इलॅस्टिक असू द्या. इलॅस्टिक नेफ्यात सरकतं ठेवून घ्या, शिवून टाकू नका. सैल पडलं की पाच मिनिटांत बदलता येतं. मुलाच्या नावाची चिठ्ठी किंवा बॅज सेफ्टी पिनेने लावण्याचं टाळा, तिचाही गंज उतरतो. नाव कॉलरच्या आत दोऱ्याने भरून घ्या.

पाय

जून ते सप्टेंबर मागे पट्टा असलेली, खाली खोल खाचांची प्लास्टिक-रबराची सँडल. मागचा पट्टा नसेल तर चिखलात चप्पल रुतते आणि पाय पुढे जातो. जांभ्या दगडाच्या पायऱ्यांवर आणि साकवावर (ओढ्यावरच्या छोट्या पुलावर) शेवाळ धरतं. तिथे गुळगुळीत तळ म्हणजे हमखास घसरणं. गमबूट दिसायला छान, पण व्हाळाचं, म्हणजे ओढ्याचं, पाणी वरून आत शिरलं की लहान मुलाला पाय उचलवत नाही.

ओल्या मोज्यांत दिवस काढला की बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. घरी आल्यावर पाय धुऊन बोटांमधून कोरडे पुसायचे, तेल नंतर. पायाला जखम असेल तर शेताच्या किंवा रस्त्यावर तुंबलेल्या पाण्यातून चालवू नका. सिंधुदुर्ग, रत्नागिरीत पावसाळ्यात लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या तापाचे) रुग्ण सापडतात आणि तो जंतू अशाच पाण्यातून, जखमेवाटे शिरतो. पडवीत काढून ठेवलेली पादत्राणं आपटून मगच घालायची, ही सवय पहिल्या दिवसापासून लावा. विंचू असतो, आणि काही भागांत फुरसं हा विषारी सापही.

काळे बूट गणपतीनंतर घ्या. संध्याकाळी जा, मोजे घालून मापा, अंगठ्यापुढे एका बोटाची जागा सोडा.

रेनकोट, दप्तर, वह्या

किनाऱ्यावरच्या वाऱ्यात लहान मुलाच्या हातात छत्री टिकत नाही. रेनकोट घ्या, तोही मागे दप्तरासाठी घेर दिलेला. बिनघेराचा रेनकोट दप्तरावरून घातला की पुढून वर उचलला जातो, गुडघे भिजतात आणि काखेत फाटतो. दुकानात मुलाला दप्तर अडकवून वर रेनकोट घालून बघा, हात पूर्ण वर करायला सांगा. लांबी गुडघ्याच्या चार बोटं खाली, त्याहून जास्त असेल तर पायरी चढताना पायात येते. पुढे चेन आणि तिच्यावर बटणांची पट्टी, दोन्ही हवं. टोपीला पुढे पारदर्शक झापड असेल तर उत्तम, नाहीतर मूल मान खाली घालून चालतं आणि समोरचं दिसत नाही. ओला रेनकोट घडी करून दप्तरात कोंबला की आतून चिकटतो. शाळेत टांगायला मानेजवळ नाडीचा फास शिवून द्या.

दप्तर हलकं घ्या. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणानुसार पूर्वप्राथमिकला दप्तर नाहीच, पहिली-दुसरीला सगळं मिळून १.६ ते २.२ किलो. रिकामं दप्तरच एक किलोचं असेल तर पुस्तकांना काय उरलं? आत जुन्या रेनकोटच्या कापडाची पिशवी शिवून त्यात वह्या-पुस्तकं ठेवा. बाहेरचं कव्हर वाऱ्याने उडतं, आतली पिशवी उडत नाही. वह्या वर्षभराच्या एकदम भरू नका. दमट हवेत कागद सर्द होतो, पेन्सिल उमटत नाही आणि खोडरबराने पान फाटतं. तीन महिन्यांपुरत्या घ्या, शंभर पानी, आणि चौकटीच्या, दुरेघी, चाररेघी यांतल्या कोणत्या हव्यात ते बाईंनी सांगितल्यावरच. नावं शाईच्या पेनाने लिहू नका, पहिल्याच सरीत ओघळतात.

डबा, बाटली स्टीलची. जिल्हा परिषदेच्या शाळेत पोषण आहार मिळतो, तरी ताट-चमचा घरून न्यायचा का ते विचारा.

तांबडी माती आणि बाकीचे डाग

इथल्या मातीचा लाल रंग लोखंडाच्या गंजाचाच. म्हणून पांढऱ्या शर्टावर ब्लीच ओतलं की डाग जाण्याऐवजी पक्का होतो. चिखल ओला असताना चोळूही नका. वाळू द्या, ब्रशने झटका, साध्या पाण्यात माती उतरेपर्यंत खळबळा, मगच साबण. उरलेल्या पिवळसर खुणेवर लिंबू आणि मीठ, किंवा परसात झाड असेल तर बिंबळं (आंबट हिरवी फळं) चिरून चोळा. बिंबळांत ऑक्झॅलिक आम्ल असतं, ते गंज सोडवतं. अर्ध्या तासात धुऊन टाका, नाहीतर कापड आणि रंग दोन्ही खातं.

फणसाचा चीक लागला तर खोबरेल तेल लावून पुसा, मग साबण. काजूच्या बोंडूच्या रसाला मात्र इलाज नाही. मार्च-एप्रिलमध्ये मूल शाळेतून काजूच्या बागेतून येत असेल तर त्या दिवसांत जुना गणवेशच घाला.

वाळत घालताना शर्ट हँगरवर, दोन हँगरांत वीतभर अंतर आणि खाली पंखा. वळचणीला घातलेले कपडे रात्री आत घ्या, पागोळ्यांच्या तुषारांनी ते पुन्हा भिजतात. चुलीवर सुकवलेल्या कपड्याचा धुराचा वास वर्गभर जातो, शेजारणी सांगतील तरी ते करू नका. सकाळी थोडा दमटपणा राहिलाच तर इस्त्री, पण कॉलर आणि शिवणी उलट्या बाजूने आधी, कारण ओल तिथेच लपलेली असते.