जुना छोटा ट्रॅक्टर निवडताना या चुका टाळा

दोन-तीन मॉडेल समोर असली की बहुतेक जण आधी एचपी बघतात, मग इंजिन किती तास चाललं ते दाखवणारा मीटर, मग टायर. मीटर बदलता येतो आणि बंदही पडतो. त्यापेक्षा पेडलचं झिजलेलं रबर आणि ड्रॉबारचं (मागे ट्रॉली जोडायच्या पट्टीचं) लांबट झालेलं भोक जास्त खरं बोलतात. पण त्याही आधी आपली अवजारं मोजा.

जाहिरातीतली एचपी इंजिनची असते. पीटीओपर्यंत (अवजार फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टपर्यंत) त्यातली साधारण १० ते १५ टक्के कमी पोचते आणि रोटाव्हेटर चालतो पीटीओवर, म्हणून तुलना पीटीओ एचपीची करा. रोटाव्हेटरने मागच्या दोन्ही टायरांच्या बाहेरच्या कडा झाकल्या पाहिजेत, नाहीतर चाकाखाली दबलेला पट्टा तसाच राहतो. चाकांमधलं अंतर जास्त आणि ताकद कमी, असं मॉडेल इथेच बाद होतं.

थ्री-पॉइंट लिंकेजच्या, म्हणजे मागे अवजार जोडायच्या तीन टोकांच्या, पिना कॅलिपरने मोजा. कॅटेगरी १ या ठरलेल्या मापात खालच्या पिना २२ मिमी, वरची १९ मिमी. अगदी छोट्या ट्रॅक्टरवर खाली १६ मिमी मिळतात. बुश घालून पिन बसेल, उचलायची ताकद वाढणार नाही. जपानच्या बाजारासाठी बनलेल्या अनेक जुन्या छोट्या ट्रॅक्टरांना पीटीओचे तीन-चार वेग असतात. अवजार मिनिटाला ५४० फेऱ्यांचं असेल तर चुकीच्या गिअरमध्ये ते जास्त वेगाने फिरून गिअरबॉक्स तोडतं.

गरम इंजिनवर सौदा नको

बॉनेट गरम लागलं तर थांबा, पूर्ण थंड झाल्यावरच स्टार्ट करा. सुरुवातीचा पांढरा धूर दोन-चार मिनिटांत गेला तर ठीक. राहिला आणि कूलंट कमी होत असेल तर हेड गॅस्केटवर संशय घ्या. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळ्या धुरासाठी आधी एअर फिल्टर बघा. ब्रीदरमधून (इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीतून) सतत जोराची वाफ येत असेल तर पिस्टनच्या रिंगा गेल्या, असं धरून भाव करा.

हायड्रॉलिक लिफ्ट अवजार न लावता तपासणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. जड अवजार लावा, उचला आणि लिव्हर तिथेच ठेवून इंजिन चालू ठेवा. लिफ्ट दर काही सेकंदांनी खाली-वर उचक्या देत असेल तर सिलिंडरचा सील किंवा व्हॉल्व्ह आतून गळतोय. अवजार उचललंच नाही तर पंपाला दोष देण्याआधी ऑइलची पातळी आणि सक्शन फिल्टर बघा. बऱ्याचदा तिथेच निकाल लागतो. या चाचणीत अवजाराखाली हात-पाय घालू नका.

फोर-व्हील ड्राइव्हला टायर जुळतात का, हे मोजल्याशिवाय कळत नाही. कडक, सपाट जमिनीवर सरळ चालवत मागच्या चाकाच्या १० फेऱ्यांत पुढचं चाक किती फिरतं ते मोजा, एकदा फोर-व्हील ड्राइव्ह बंद करून, एकदा लावून. बंद असताना १६ आणि लावून १६.५ म्हणजे पुढचं चाक सुमारे ३ टक्के जास्त फिरतं, हा पुढावा. १ ते ५ टक्के चालतो. त्याबाहेर गेला, किंवा लावल्यावर फेऱ्या कमी झाल्या, तर कोणीतरी भलत्या मापाचे टायर चढवलेत आणि पुढचे गिअर त्याची किंमत मोजतायत.

तरीही दोन ट्रॅक्टर बरोबरीचे निघाले तर दोघांचे सिरियल नंबर घेऊन क्लच प्लेट, वॉटर पंप, पुढच्या हबचा ऑइल सील आणि हायड्रॉलिक सील किट हे चार भाग दुकानात मागून बघा. ज्याचे चारही लगेच मिळतात तो घ्या, मग दुसऱ्याचा मीटर कितीही कमी दाखवो.