पास्कल कोड फॉर्मॅट करताना नावांचे कॅपिटलायझेशन एकसारखे कसे ठेवावे

पास्कल या प्रोग्रामिंग भाषेचा कंपायलर (कोड चालण्याजोग्या प्रोग्राममध्ये बदलणारे साधन) नावांतील कॅपिटल आणि स्मॉल अक्षरांत भेद करत नाही. त्यामुळे ‘कस्टमरनेम’ हे नाव एकाने सी आणि एन कॅपिटल ठेवून लिहिले आणि दुसऱ्याने सगळे स्मॉलमध्ये, तरी डेल्फी आणि लाझारस या पास्कलच्या दोन्ही साधनांत प्रोग्राम बिनतक्रार चालतो. अडचण गिट या कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रणालीत येते. प्रत्येकाच्या मशीनवरचा फॉर्मॅटर (कोडची मांडणी आपोआप नीट करणारा प्रोग्राम) आपापल्या सेटिंगप्रमाणे ही अक्षरे बदलत राहिला, की डिफ, म्हणजे बदललेल्या ओळींची यादी, निरर्थक ओळींनी भरतो आणि तपासणाऱ्याच्या नजरेतून खरा बदल निसटतो.

म्हणून फॉर्मॅटर नावाचे रूप कुठून उचलतो, हे आधी पाहावे. पहिल्यांदा जसे आढळले तसे पुढे ठेवण्याचा पर्याय काही फॉर्मॅटरमध्ये असतो. तो टाळावा, कारण फाइलच्या वरच्या भागात कोणी घाईने नाव स्मॉलमध्ये लिहिले तर खालची सगळी बरोबर रूपेही बिघडतात. त्यापेक्षा ठरलेल्या शब्दांची यादी वापरावी. लाझारससोबत येणाऱ्या जेडाय कोड फॉर्मॅट या फॉर्मॅटरमध्ये तशी सोय आहे. यादी आणि सेटिंगची फाइल रिपॉझिटरीत, म्हणजे गिटमधील सामायिक कोडसोबतच ठेवावी, म्हणजे सर्वांकडे एकच प्रत राहते. लायब्ररीतील नावे मूळ डिक्लेरेशनप्रमाणेच घ्यावीत: ‘इंटटूएसटीआर’मध्ये आय, टी आणि एस कॅपिटल. ‘एचटीटीपी’सारखी संक्षेपे पूर्ण कॅपिटल ठेवायची की फक्त पहिले अक्षर, हेही एकदाच ठरवून टाकावे.

यादीला स्कोप, म्हणजे नाव कोडच्या कोणत्या भागापुरते आहे, हे कळत नाही, ही तिची मोठी मर्यादा आहे. ‘काउंट’ ही प्रॉपर्टी कॅपिटल सीने आणि त्याच नावाचे लोकल व्हेरिएबल स्मॉल सीने लिहिण्याची पद्धत असेल, तर फॉर्मॅटर दोन्ही एकाच साच्यात बसवतो. अशा वेळी व्हेरिएबलला ‘आयटमकाउंट’सारखे नेमके नाव द्यावे, कोड वाचणाऱ्यालाही त्याचा उपयोग होतो.

काही ठिकाणी मात्र अक्षर कॅपिटल की स्मॉल हे खरोखर महत्त्वाचे असते. लिनक्सवर फ्री पास्कल (लाझारसचा कंपायलर) युनिटची, म्हणजे कोडच्या स्वतंत्र भागाची, फाइल आधी लिहिलेल्या रूपात, मग सगळे स्मॉल आणि मग सगळे कॅपिटल अशी शोधतो. फाइलचे नाव मिश्र अक्षरांत असेल आणि फॉर्मॅटरने ‘यूझेस’ या युनिटांच्या यादीतले रूप बदलले, तर विंडोजवर चालणारा प्रोजेक्ट लिनक्सवर कंपाइल होत नाही. इन्युमरेशनची (ठरावीक पर्यायांच्या यादीतील) नावे प्रोग्राम चालताना मजकूर म्हणून काढून जेसन या डेटाच्या मजकूर-स्वरूपात लिहिली जात असतील, तर डिक्लेरेशनमधील बदल थेट डेटात उतरतो. ही नावे यादीत त्यांच्या सध्याच्या रूपातच नोंदवावीत.

जुन्या कोडवर यादी लागू करताना इंडेंटेशन आणि ओळी तोडण्याचे नियम बंद ठेवून फक्त कॅपिटलायझेशन चालवावे आणि त्याचा स्वतंत्र कमिट (गिटमधील बदलाची नोंद) करावा. त्याआधी जुनी आणि नवी फाइल जीएनयू डिफ या फाइल-तुलनेच्या साधनाच्या स्मॉल ‘आय’ पर्यायाने ताडून पाहावी. हा पर्याय कॅपिटल-स्मॉलचा फरक सोडून देतो, त्यामुळे एकही ओळ दिसली तर फॉर्मॅटरने आणखी काहीतरी बदलले आहे असे समजावे. गिट २.२३ (२०१९) पासून ब्लेममधून (कोणती ओळ कोणत्या कमिटने बदलली हे दाखवणाऱ्या आज्ञेतून) ठरावीक कमिट वगळता येतात, त्या वगळलेल्या कमिटच्या यादीत या कमिटचा हॅश, म्हणजे ओळखक्रमांक, घालावा. पुढे बिल्ड सर्व्हरवर (सर्वांचा कोड आपोआप कंपाइल करणाऱ्या मशीनवर) तोच फॉर्मॅटर चालवून एखादी फाइल बदलत असल्यास बिल्ड थांबवावा आणि नव्या नावाची शब्दांच्या यादीतील नोंद कोडसोबतच रिव्ह्यूला पाठवावी.