केळ्यावरची चिलटं बाटलीत पाळून उत्क्रांती घरच्या घरी कशी बघायची

पिकलेलं केळं दोन दिवस ओट्यावर राहिलं की चिलटं हजर, हे खानदेशात कुणाला सांगायला नको. चोपडा, यावल, रावेर हा सगळा केळीचाच पट्टा, आणि आमच्या अमळनेरला घरोघरी एखादी फणी टांगलेली असतेच. ही चिलटं म्हणजे ड्रोसोफिला. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात थॉमस हंट मॉर्गन यांनी ती दुधाच्या बाटल्यांत केळं घालून पाळली, १९१० साली लाल डोळ्यांच्या माशांत एक पांढऱ्या डोळ्यांचा नर सापडला आणि त्या एका नराच्या पोरानातवंडांचा हिशोब ठेवून जनुकं गुणसूत्रांवर असतात हे दाखवता आलं. १९३३ चं नोबेल त्यांना याच कामासाठी मिळालं. (आंब्याला, काकडी-दोडक्याला डंख मारून आत अंडी घालते ती फळमाशी वेगळी, ती मोठी असते, तिचा इथं संबंध नाही.)

आपण डोळ्यांचा रंग शोधत बसणार नाही, त्याला नशीब लागतं. आपण करायचंय ते सोपं आहे. दर पिढीत ज्या माशा सगळ्यात आधी कोषातून बाहेर पडतात फक्त त्यांचीच पुढची पिढी घ्यायची, असं दहा-पंधरा पिढ्या करत राहायचं आणि मग बघायचं की सगळं कुळच लवकर मोठं व्हायला लागलं का. बंगळुरूच्या जवाहरलाल नेहरू प्रगत वैज्ञानिक संशोधन केंद्रात अमिताभ जोशी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी हाच प्रयोग मोठ्या प्रमाणावर, कित्येक पिढ्या केलाय. माशा लवकर तयार व्हायला लागल्या, पण सोबत आकारानं लहानही झाल्या, म्हणजे घाईची किंमत मोजावी लागली.

सुरुवात कधी करायची हे आपल्याकडं फार महत्त्वाचं आहे. २५ अंशाला अंड्यापासून माशी साधारण दहा दिवसांत होते, १८ अंशाला जवळजवळ दुप्पट दिवस लागतात, आणि ३० च्या वर सतत राहिलं तर नर वांझ होतात. मी पहिल्यांदा एप्रिलमध्ये सुरू केलं होतं, माशा जिवंत दिसत होत्या, अंडी दिसत होती, पण अळी एकही निघाली नाही, आठवडाभर मला वाटत होतं की खाण्यातच काही चुकलंय. म्हणून पोळ्याच्या आसपास सुरू करा आणि होळीच्या आत संपवा. बाटल्यांजवळ एक साधा थर्मामीटर ठेवा, थंडीत बाटल्या आतल्या खोलीत किंवा फ्रिजच्या वर उबेला ठेवा.

खाणं करायला पाव लिटर पाण्यात २५ ग्रॅम रवा, २५ ग्रॅम गूळ आणि साधारण अडीच ग्रॅम चायना ग्रास घाला, चायना ग्रास पूर्ण विरघळेपर्यंत उकळा, गॅस बंद केल्यावर चमचाभर व्हिनेगर, त्यानं बुरशी जरा लांब राहते. गरम असतानाच उकळून वाळवलेल्या काचेच्या बाटल्यांत दोन बोटं थर ओता. गार झाल्यावर आतल्या भिंतीवरचं पाणी फडक्यानं पुसून घ्या, नाहीतर माशा चिकटून मरतात. वर चिमूटभर ड्राय यीस्ट भुरभुरवा, कारण अळ्या खरं म्हणजे यीस्टवरच वाढतात. कागदाची एक घडी खोचून ठेवा, अळ्या कोष करायला त्यावर चढतात. तोंडाला कापसाचा बोळा मलमलच्या कपड्यात गुंडाळून बसवा. आणि बाटल्या पाणी घातलेल्या परातीत ठेवा, मुंग्या एका रात्रीत सगळं साफ करतात.

आता माशा धरायच्या. रिकाम्या बाटलीत काळं पडलेलं केळं टाका, तोंडाला कागदाचं नरसाळं, खालचं भोक बारीक. दुसऱ्या दिवशी आत तीस-चाळीस तरी असतात. पण त्या सगळ्या एकाच जातीच्या नसतात, आणि लोक हमखास चुकतात ते इथंच. डोक्यापासून पाठीवर पांढऱ्या उभ्या पट्ट्या असलेली दिसली तर ती झॅप्रिओनस इंडियानस, ती बाजूला काढा. उरलेल्यांतही दोन-तीन जाती निघू शकतात. ज्यातल्या नरांचं पोट मागच्या टोकाला काळं कुळकुळीत आणि गोल असतं, आणि माद्या जरा मोठ्या, टोकदार पोटाच्या, त्यावर आडव्या पट्ट्या, असे जोडीजोडीनं वेगळे काढा.

बघायचं कसं? बाटली आडवी करून दोन-तीन मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवा, माशा थंडीनं पडतात, मग बर्फावर ठेवलेल्या ताटलीत ओतून मऊ ब्रशनं सरकवत बघा. भिंग साधं चालतं, सराफ डोळ्याला लावतात तसलं मिळालं तर फारच छान. आमची मोठी माय बाजूला बसून म्हणे, "हाई काय चिलटं पाळी ऱ्हायना रे भो?" आणि एकदा भिंग हातात दिल्यावर अर्धा तास सोडेना. नुकती बाहेर आलेली माशी बघायला मिळाली तर बघाच. फिकट, जवळजवळ पांढरट अंग, पंख चुरगळलेले आणि पोटाच्या कातडीतून आत एक हिरवट काळा ठिपका दिसतो. काही तासांत पंख पसरतात, रंग चढतो, ठिपका जातो.

सगळ्या धरलेल्या माशांची पहिली पिढी एकत्रच वाढवा आणि तिथून चार बाटल्या भरा. दोन निवडीच्या, दोन साध्या. दोनदोन कशाला, तर वीस-तीस माशांवर कुळ चालवलं की नुसत्या योगायोगानंही फरक पडतो, दोन्ही निवडीच्या बाटल्या एकाच दिशेनं गेल्या तरच तो निवडीचा परिणाम मानायचा. प्रत्येक बाटलीत १५ माद्या, १५ नर, सकाळी टाका, संध्याकाळी काढून घ्या, तारीख लिहा. आठव्या-नवव्या दिवशी कोष गडद व्हायला लागतात, आतले लाल डोळे आणि घडी घातलेले पंख बाहेरून दिसतात, तेव्हापासून दिवसातून दोनदा मोजणी. माशा बहुतेक पहाटे-सकाळी बाहेर पडतात, त्यामुळे सकाळची मोजणी चुकवू नका. निवडीच्या बाटलीतून सगळ्यात आधी निघालेल्या १५ माद्या आणि १५ नर घ्या. साध्या बाटलीतून मात्र माशा निघतील त्या सगळ्या दिवसांच्या मिळून, न निवडता तेवढ्याच घ्या. आधी निघालेल्यांना खाण्याच्या बाटलीत थांबवून ठेवा आणि सगळ्यांना एकाच दिवशी अंडी घालायला लावा. मादी बाहेर पडल्यावर पहिले काही तास मिलन करत नाही पण नंतर करते आणि नराचं वीर्य साठवून ठेवते, म्हणून निवडीची मादी तिच्याच बाटलीतल्या उशिराच्या नरांसोबत राहू देऊ नका.

गर्दीकडं लक्ष द्या. एका बाटलीत अळ्या जास्त झाल्या की त्यांना खायला कमी पडतं, त्या उशिरा आणि बारीक होतात, मग तुम्ही जे मोजताय ते जनुकांचं नाही, उपासमारीचं. थंडीचंही तसंच आहे. डिसेंबरात माझ्या सगळ्या बाटल्यांतल्या माशा सप्टेंबरपेक्षा मोठ्या आणि काळसर निघाल्या, साध्या बाटलीतल्यासुद्धा. थंडीत वाढलेली ड्रोसोफिला अशीच होते, तिचीच पिल्लं उबेत वाढवली की परत लहान आणि उजळ. ही उत्क्रांती नाही, तीच जनुकं वेगळ्या हवेत वेगळी दिसतात एवढंच. साधी बाटली शेजारी नसती तर मी खुशाल उत्क्रांती झाली म्हणून सांगत फिरलो असतो, म्हणून साध्या बाटलीचा कंटाळा करू नका, अर्धा प्रयोग तीच आहे.

दहा-बारा पिढ्या झाल्या की खरी परीक्षा घ्या. एक पिढी निवड पूर्ण थांबवा, चारही बाटल्या एकाच खोलीत, एकाच खाण्यावर, तेवढ्याच माद्यांवर वाढवा. आईच्या वयाचा, तिच्या खाण्याचा काही परिणाम पिल्लांत उतरला असेल तर तो इथं निघून जातो. त्याच्या पुढच्या पिढीत मोजा. फरक दिवसांचा नसतो, तासांचा असतो, म्हणून शेवटच्या फेरीला रात्रीही उठून दर चार तासांनी मोजलं तर बरं. तरीही निवडीच्या बाटल्या पुढंच असतील तर बदल वारशात उतरलाय.

हे सगळं मी मनावर घेतलं ते कपाशीमुळं. बीटी कपाशी, म्हणजे अळीला मारणारं विष स्वतःच्या अंगात तयार करणारी कपाशी, आपल्याकडं २००२ ला आली तेव्हा बोंडअळी गेली असंच वाटलं होतं, आणि २०१७ ला गुलाबी बोंडअळीनं महाराष्ट्रभर बोंडं आतून खाल्ली. बाटलीत निवड मी करतो, शेतात ती बीटीचं विष करत होतं. विषाला न जुमानणाऱ्या मोजक्या अळ्या वाचल्या, त्यांचीच पुढची पिढी झाली. कडेला बिगर-बीटीच्या ओळी लावायला सांगायचे ते यासाठीच, तिथं विष नसल्यानं साध्या अळ्या जगतात, त्यांचे पतंग वाचलेल्यांशी जुळतात आणि सहन करणारी जनुकं पातळ होत राहतात. त्या ओळी फार कमी जणांनी लावल्या, वर फरदड (वेचणी संपल्यावरही उभी ठेवलेली कपाशी) ठेवून अळीला उन्हाळ्यापर्यंत खाणं पुरवलं. घरात हा हिशोब स्वतःच्या हातानं मोजल्यावर वडिलांनी पाकिटातलं बिगर-बीटी बी बांधावर फेकून देणं बंद केलं.

साध्यांना असं मिसळणं तुम्हाला बाटलीतही करून बघता येईल. निवडीच्या एका बाटलीत दर पिढीला पाच साध्या माद्या आणि पाच नर सोडा, दुसरी तशीच चालू ठेवा. पाच-सहा पिढ्यांनी परत मोजा, मिसळलेली बाटली मागं सरकायला लागलेली दिसते. काम संपल्यावर बाटल्या रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवून मगच रिकाम्या करा, आणि वही जपून ठेवा, पुढच्या पोळ्याला नव्या माशांवर सुरू केलं की आकडे ताडून बघता येतात.